सूर्य सर्वांचा, मीटर कोणाचा?

(गडहिंग्लज येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला सौरऊर्जेवर बोलायला सांगितले आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे एखादे काम अडले की आम्ही आधी दोन टोके तपासतो : आत काय जाते आणि बाहेर काय येते. आत सगळे ठीक जात असेल आणि तरी बाहेर काही येत नसेल, तर दोष मधल्या व्यवस्थेत असतो. आज उन्हाचा हिशेब मी तसाच मांडणार आहे.

उत्तर आफ्रिकेतला अल्जीरिया घ्या. देशाचा बहुतेक भाग सहारा वाळवंटात आहे, म्हणजे उन्हाला तोटा नाही. पण तिथली जवळजवळ सगळी वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. हासी रमेल इथे वायूचे प्रचंड साठे आहेत. त्याच हासी रमेलला २०११ मध्ये वायू आणि ऊन दोन्हींवर चालणारे १५० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. त्यात उन्हाचा वाटा जेमतेम २५ मेगावॅटचा. त्याच वर्षी सरकारने २०३० पर्यंत २२,००० मेगावॅट अक्षय ऊर्जेचा संकल्प जाहीर केला. दहा वर्षांनंतर प्रत्यक्षात उभी राहिलेली सौर क्षमता ५०० मेगावॅटच्याही आत होती. अलीकडे तिथे मोठ्या प्रकल्पांची कंत्राटे दिली गेली आहेत, पण मधले दशक गेले ते गेलेच.

असे का झाले? घरचा वायू स्वस्त आणि विजेचा दर सरकारने धरून ठेवलेला. ग्राहकाला खरी किंमत दिसत नाही, त्यामुळे बदलाची निकड कुणालाच वाटत नाही. दुसरीकडे, घरी जाळलेला वायू इटली आणि स्पेनला विकता येत नाही. म्हणजे स्वस्त वीज फुकट पडत नव्हती. तिचे बिल दुसऱ्या खात्यावर चढत होते.

आपल्याकडे वायूची गोष्ट उलटी आहे. गुहागर तालुक्यातला दाभोळ प्रकल्प तुम्हाला ठाऊक आहे. एन्रॉनने उभारलेला हा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, महाग विजेच्या वादात २००१ मध्ये बंद पडला, आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपन्यांच्या संस्थेकडे गेला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि जवळजवळ दोन हजार मेगावॅटची यंत्रे वायूची वाट पाहत उभी राहिली. अल्जीरियाकडे वायू होता म्हणून ऊन मागे पडले. आपल्याकडे वायू नव्हता, तरी आपण त्याच्यावर डाव लावला.

आता आपल्या तालुक्यात येऊ. इथल्या शेतकऱ्याचे खरे दुखणे विजेचा दर हे नाही, विजेची वेळ हे आहे. रात्री मोटर सुरू करायला उसात जायचे, आणि अंधारात साप आहे की गवा उभा आहे हे कळत नाही. आजरा-चंदगड पट्ट्यात हत्तीचीही भीती. म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दिवसा दहा तास विजेसाठी धरणे धरले होते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. पण मोफत वीज रात्री दोन वाजता आली, तर बिल शून्य होते, धोका शून्य होत नाही.

याचे एक उत्तर २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आहे : उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. आपल्या जिल्ह्यात नदीवरून लांबवर पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत, त्यांच्या मोटरी मोठ्या असतात. एकेकट्याच्या तीन-पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाने त्यांचे काम होत नाही. म्हणून आपल्याकडे फीडरच सौर होणे जास्त उपयोगाचे. या योजनेत ग्रामपंचायतीने जागेसाठी आणि दिवसाच्या विजेसाठी आग्रह धरला पाहिजे.

शहरातल्या छपरांचे काय? २०२४ च्या पीएम सूर्य घर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटपासून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. आपल्या पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. हिशेब चांगला आहे. अडचण कागदावर आहे.

आमच्या गल्लीतल्या काही घरांचे अर्ज भरायला मी बसलो, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर. घर चार भावांचे, पण वारसनोंद झालेली नाही. योजना विचारते, घर तुमचे आहे का, वीजजोडणी आहे का. आणि अनुदान जमा होते ग्राहकाच्या बँक खात्यात. मयत माणसाच्या खात्यात ते जाणार कसे?

वारसनोंद काढायला बसलो की पुढचा प्रश्न येतो : बहिणींचा. मुस्लिम वारसा कायद्याने मुलीला वाटा दिलेला आहे, तोही मुलाच्या निम्मा. प्रत्यक्षात तेवढाही तिच्या हातात पडत नाही. हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. हे फक्त आपल्याच समाजात होते असे नाही, पण आपल्या समाजात होते हे आपण तरी नाकारू नये. छपरावरच्या पॅनेलसाठी आपण कागद नीट करणार असू, तर त्या कागदावर बहिणीचे नाव राहील हेही पाहू.

आणि ज्यांना छप्परच नाही? भाडेकरू, पत्र्याच्या खोलीत राहणारे, एका जिन्यावर सहा मीटर असणारे? दिल्लीत २०१९ पासून असे नियम आहेत, की एका ठिकाणच्या सौर प्रकल्पातली वीज अनेक ग्राहकांच्या बिलात वाटून वळती करता येते. ही सोय आपल्या गावातल्या भाडेकरूलाही प्रत्यक्षात मिळाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

युवकांकडून माझी अपेक्षा तीन कामांची आहे. आपापल्या गल्लीतली, मयतांच्या नावावरची मीटरे मोजा आणि नावबदलाचे अर्ज भरून द्या. वारसनोंदीत बहिणींची नावे लावा. आणि आपल्यातल्या आयटीआय झालेल्या वायरमन मुलामुलींना सौर जोडणीचे काम शिकायला पाठवा, म्हणजे या गावच्या छपरावरची मजुरी या गावातच राहील.

अल्जीरियाला ऊन कमी पडले नाही. आपल्यालाही पडणार नाही. कमी पडतात ते नियम आणि कागद, आणि ते दुरुस्त करणे आपल्या हातात आहे. पुढच्या रविवारपासून मीटरांची यादी करायला बसू. ज्यांना यायचे आहे त्यांनी येताना घरचे वीजबिल घेऊन यावे आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते आधी वाचून यावे.