दुर्गेचं गुपित



गावात काही लपून राहत नाही, असं आपण म्हणतो. कुणाच्या चुलीवर आज काय शिजलं, हेही शेजाऱ्याला ठाऊक असतं. अशाच एका गावात एका लहान मुलाने राखलेल्या गुपिताविषयी मला बोलायचं आहे. ते आहे 'पथेर पांचाली' या बंगाली कादंबरीत. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली.

गावाचं नाव निश्चिंदिपूर. हरिहरचं घर जेमतेम चालतं. बायको सर्वजया, मुलगी दुर्गा आणि धाकटा अपू. दुर्गा रानोमाळ हिंडणारी. एकदा ती कैऱ्या आणते आणि अपूला आईच्या नकळत तेल-मीठ आणायला धाडते. दोघं चोरून खातात. नंतर आई खायला देते, तर अपू बोलून जातो, दात आंबलेत, चावता येत नाही! झालं, सगळं उघडं पडतं. त्या वयात अपूच्या पोटात काही राहतच नाही.

पुढे एका खात्यापित्या घरातली सिंदूर ठेवायची सोन्याची डबी नाहीशी होते. आळ दुर्गेवर येतो. ती मार खाते, पण कबूल करत नाही. मग तापाने दुर्गा जाते. घरच्यांचं काशीला जायचं ठरतं, आवराआवर सुरू होते आणि तीच डबी अपूच्या हाती लागते. तो कुणाजवळ चकार शब्द काढत नाही. डबी वेळूच्या बनात भिरकावून देतो. या कादंबरीवरच्या सत्यजित राय यांच्या १९५५च्या चित्रपटात डबीऐवजी माळ आहे आणि ती पाण्यात पडते.

साने गुरुजींचा श्याम आपल्या चुका सांगून मोकळा होतो, आणि ते आपल्याला भावतं. अपूचं न बोलणंही मला तितकंच निर्मळ वाटतं. गुपित त्याचं नाही, बहिणीचं आहे, आणि आपली बाजू सांगायला ती आता उरलेली नाही. डबी दाखवली असती, तर गावाने घेतलेला आळ खरा ठरला असता आणि आईच्या दुःखात आणखी एक सल रुतला असता. विभूतिभूषण चोरीचा निवाडा करत बसत नाहीत. गरिबाघरच्या पोरीला एका सुंदर वस्तूची ओढ लागली, एवढंच ते आपल्याला दिसू देतात.

खरं बोलावं, हे आपण मुलांना शिकवतोच. गेलेल्या माणसाची अब्रू कशी जपावी, हे मात्र अपूने कुणी न शिकवता ओळखलं. मोठं होणं म्हणतात ते हेच, असं मला मनापासून वाटतं. ही कादंबरी जरूर वाचा, आणि घरातल्या जाणत्या मुलांनाही वाचायला द्या.