नावाची राखण

(वार्षिक स्नेहसंमेलनातील पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



एखाद्या उद्योजकाची ओळख करून द्यावी, असे मला सांगण्यात आले. उद्योजक म्हटले की कारखाना, गोदाम, निदान एखादे दुकान तरी आपल्या डोळ्यांपुढे येते. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याने कापड विणले नाही की यंत्र बनविले नाही. इंटरनेटवर लोकांच्या नावाची राखण करण्याचा धंदा त्याने काढला. या धंद्याला आता 'ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट' असे भारदस्त नाव मिळाले आहे.

हाच माणूस मी का निवडला, ते आधी सांगतो. त्यासाठी मला माझीच एक चूक कबूल करावी लागेल.

चार वर्षांपूर्वी मी नववीचा वर्गशिक्षक होतो. सहामाहीचा निकाल तयार झाला. पालकांना हेलपाटा पडू नये, म्हणून मी सबंध वर्गाच्या गुणांच्या तक्त्याचा फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. नापास विषयांखाली तांबड्या रेघा होत्या. एक मुलगा तीन विषयांत नापास होता. कोणीतरी त्याच्या नावाभोवती गोल काढला, वर चेष्टेचा शेरा लिहिला आणि तो फोटो पुढे पाठविला. संध्याकाळपर्यंत तो मोहल्ल्यात फिरला. सोमवारी मुलगा शाळेत आला नाही, मंगळवारीही आला नाही. मी तक्ता ग्रुपवरून काढून टाकला. पण जो शंभर फोनांत जाऊन बसला, तो मी कसा काढणार? शेवटी त्याच्या घरी गेलो. त्याची अम्मी म्हणाली, "सर, मार्क कमी पडले त्याचं एवढं काही नाही. पण त्याच्या मामूच्या गावाहून फोन आला, हे त्याला सोसवेना." मला उत्तर सुचले नाही. 'बूंद से गयी वो हौद से नहीं आती' ही म्हण मी वर्गात कित्येकदा समजावून सांगितली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता त्या उद्योजकाकडे वळू. त्याचे नाव मायकेल फर्टिक. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. वय तिशीच्या आतले. वकिली करून सुखाने राहता आले असते. पण त्या सुमारास मुलामुलींची टवाळी, खोटेनाटे मजकूर, नको त्या वेळी काढलेली छायाचित्रे इंटरनेटवर येऊ लागली होती. पूर्वी पोराने केलेला मूर्खपणा गल्लीत चार दिवस चघळला जाई आणि विसरला जाई. आता तो विसरला जाणार नव्हता. नोकरी देणारा मालक दहा वर्षांनी नाव शोधील, तेव्हाही तो तेथेच असणार होता. पोरवयातील चुकीची शिक्षा जन्मभर का असावी, या प्रश्नातून फर्टिकने २००६ मध्ये 'रेप्युटेशन डिफेंडर' ही कंपनी काढली. पुढे तिचे नाव 'रेप्युटेशन डॉट कॉम' झाले. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे तिचे ठाणे होते. २०११ साठी जागतिक आर्थिक मंचाने तंत्रज्ञानातील अग्रेसर कंपन्यांत तिची निवड केली. व्यक्तींचे काम पाहणारी शाखा नंतर वेगळी होऊन जुन्याच नावाने चालू राहिली आणि २०२१ मध्ये ती नॉर्टनलाइफलॉक या मोठ्या कंपनीने विकत घेतली. मूळ कंपनी प्रामुख्याने व्यापारी संस्था आणि रुग्णालये यांचे काम करू लागली.

या धंद्यात नेमके काय करतात? पहिले काम शोधण्याचे. गिऱ्हाइकाचे नाव कोठे कोठे आले आहे, त्याची यादी करावयाची. दुसरे काम विनंतीचे. ज्या संकेतस्थळावर वाईट मजकूर आहे, त्याच्या चालकाला तो काढण्याविषयी लिहावयाचे. येथे पहिली अडचण येते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातील कलम २३० असे आहे की, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या चालकाला सहसा जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे पुष्कळदा विनंतीपलीकडे काही चालत नाही. म्हणून तिसरे काम महत्त्वाचे ठरले. त्या माणसाचे शिक्षण, त्याचे काम, त्याने केलेली समाजसेवा यांविषयी खरा आणि चांगला मजकूर इतका तयार करावयाचा की, नाव शोधणाऱ्याला आधी तोच दिसावा आणि वाईट मजकूर मागच्या पानांवर ढकलला जावा. बहुतेक लोक पहिल्या पानापलीकडे पाहातच नाहीत, या साध्या अनुभवावर हा सारा धंदा उभा आहे.

मित्रांनो, यातली गोम लक्षात घ्या. एवढे शिकलेले लोक आणि एवढी यंत्रे असूनही डाग बहुधा पुसला जात नाही. त्याच्यापुढे चांगले काम उभे करावे लागते. हे आपल्या आजीला कोणत्याही विद्यापीठात न जाता ठाऊक होते.

या धंद्याला दुसरी बाजूही आहे आणि ती लपविणे बरोबर होणार नाही. जेथे खरे चांगले काम नसते, तेथे काही जण खोटे तयार करतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने गिऱ्हाइकांच्या नावाने खोटे अभिप्राय लिहविणाऱ्या १९ कंपन्यांना पकडले आणि त्यांना मिळून साडेतीन लाख डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. दुसरे उदाहरण एका विद्यापीठाचे आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आवारात शांतपणे बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पोलिसांनी तिखट फवारले. ते चित्र जगभर गेले. विद्यापीठाने इंटरनेटवरील आपले नाव सुधारण्यासाठी सल्लागारांवर किमान १ लाख ७५ हजार डॉलर खर्च केल्याचे २०१६ मध्ये वृत्तपत्राने उघडकीस आणले. परिणाम असा झाला की, जे विसरावे म्हणून पैसे मोजले, तेच सर्वांना पुन्हा आठवले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहात नाही!

आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने काय करावे? स्पेनमधील मारिओ कोस्तेखा गोन्सालेस यांची गोष्ट ऐका. कर्जापायी त्यांच्या मालमत्तेच्या लिलावाची नोटीस १९९८ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आली होती. कर्ज फिटले, वर्षे गेली. तरी गूगलवर त्यांचे नाव शोधले की तीच नोटीस पुढे येई. ते लढले. १३ मे २०१४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जुनी आणि आता गैरलागू झालेली माहिती नावाच्या शोधातून काढण्याची मागणी माणूस करू शकतो. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक कायद्यात माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याची तरतूद आली. कोणी मुलीचे छायाचित्र वाईट हेतूने पसरविले तर घाबरून घरात बसू नका, मुलीलाच दोष देऊन तिची शाळा बंद करू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. महिला व मुलांविषयीच्या अशा तक्रारी तेथे नाव न सांगताही करता येतात.

परंतु कायदा मागाहून येतो. आधी आपले हात येतात. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: दुसऱ्याच्या मुलाबद्दलचा फोटो वा मजकूर आला, तर तो आपल्या फोनपाशी थांबू द्या. गीबत आणि तोहमत वाईट, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. अंगठ्याने केलेली गीबत ही गीबत नव्हे काय? विद्यार्थ्यांना सांगतो: रागाच्या भरात लिहिलेले रात्रभर ठेवा, सकाळी वाचा आणि मग ठरवा. आणि तुमच्या नावापुढे जे दिसावेसे वाटते, ते आजपासून करावयास लागा. विज्ञान प्रदर्शनातील प्रयोग असो, निबंध असो, मैदानावरचा खेळ असो. नावाची खरी राखण तेच करील.

त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही मनात विचारीत असाल. नवव्या दिवशी तो आला. मी सर्व वर्गासमोर त्याची माफी मागितली. पुढे तो दहावी पास झाला आणि आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचे काम शिकला. गेल्या पावसाळ्यात शाळेची वायरिंग बिघडली, तेव्हा तोच येऊन दुरुस्त करून गेला. मजुरी मात्र काही केल्या घेईना. तो तक्ता अजून कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. पण आज मोहल्ल्यात त्याचे नाव निघते, ते दिवा लागत नाही तेव्हा.