मुलगी घरी येण्याआधीची दोन वर्षं



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आयटीतल्या संधी' असं होतं. विषय मी बदलून घेतला. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाल्यापासून तिघांनी मला ग्रुप सोडून वेगळा मेसेज केला, "तुझी मुलगी दत्तक आहे ना? कसं केलंस?" आणि तिघांनीही शेवटी लिहिलं, "कुणाला सांगू नकोस." नावं सांगत नाही, पण उत्तर मात्र आज माइकवरून देते.

मुलीचं नाव, ती कुठून आली, हेही सांगणार नाही. ती गोष्ट तिची आहे. मी फक्त आमची बाजू सांगते.

२०१७ साली आम्ही नोंदणी केली. त्याआधीची पाच वर्षं उपचारांत गेली. ती सोडून देते, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आश्रमात जायचं आणि मूल पसंत करून आणायचं, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. केंद्र सरकारच्या 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करायची, कागदपत्रं चढवायची, मग समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहितात आणि आपण रांगेत उभे. वशिला चालत नाही. रांग लांब आहे. देशभरात तीस हजारांहून जास्त पालक थांबलेले आहेत आणि २०२४-२५ मध्ये दत्तक गेलेली मुलं ४,५१५. तोही गेल्या अनेक वर्षांतला उच्चांक.

आपल्या वयाच्या लोकांनी एक हिशेब करून बघा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५च्या वर चालत नाही. दोघं ४४चे असाल तर ८८ झाली, म्हणजे तान्हं बाळ गेलं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी मर्यादा ९० आहे, चार ते आठसाठी १००. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात. म्हणून "बघू पुढच्या दिवाळीत" म्हणू नका.

समाजसेविका येणार म्हणून मी नवे पडदे लावले. त्यांनी पडद्यांकडे पाहिलंही नाही. विचारलं, "मूल रात्री रडलं तर कोण उठणार?" नवरा लगेच म्हणाला, "मी." (आजतागायत उठलेला नाही.) मग विचारलं, "ती दत्तक आहे हे तिला कधी सांगणार?" आम्ही दोघं गप्प. मी पंधरा वर्षं कोड लिहीत होते, पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यांनीच नाशिकमधल्या एका जोडप्याशी गाठ घालून दिली. रविवारी त्यांच्याकडे गेलो. चहा घेताना त्यांची आठ वर्षांची लेक सहज म्हणाली, "मी आईच्या पोटातून नाही आले, आश्रमातून आले," आणि बशीतलं शेवटचं बिस्किट उचलून खेळायला गेली. परत येताना रिक्षात मी रडले. त्यानंतर अशी चार-पाच घरं जोडली गेली. पुढचं सगळं वाट बघणं आम्ही त्यांच्या जिवावर काढलं.

कारण त्या काळात माणूस एकटा पडतो. सासूबाई म्हणाल्या, "रक्त कुणाचं, काय माहीत." त्यांचा राग नाही, आज नातीशिवाय त्यांना घास जात नाही. एक परिचित म्हणाले, "एका नर्सिंग होममध्ये सोय होईल, थेट बाळ, नावही तुमचंच लागेल." दोन वर्षं थांबलेल्या माणसाला असला मोह होतो, मला एक रात्र झाला. तो गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायद्यात मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी ६० दिवस दिलेले आहेत. असल्या सोयीत ते तिच्याकडून हिरावून घेतले जातात.

एसएमएस आला तेव्हा मी द्वारका सर्कलला, पुलाखालच्या कोंडीत अडकले होते. मूल स्वीकारायचं की नाही हे ४८ तासांत कळवायचं असतं. फोटो उघडायचं धाडस होईना. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. मी वाजवू दिले.

तेव्हा आदेश कोर्टातून यायचा. २०२२ पासून कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येऊन गेल्या. तेव्हा मात्र पडदे धुतले नव्हते.

आता एक विनंती, सर आणि बाई, तुम्हाला. इतिहासाच्या तासाला तुम्हीच शिकवलंत की जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये यशवंताला दत्तक घेतलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. पण गेल्या वर्षी माझी मुलगी प्रोजेक्ट घेऊन आली, 'जन्माच्या दिवशीचा माझा फोटो चिकटवा.' तो आमच्याकडे नाही. रात्री नऊला ती म्हणाली, "मग मी घरी आले त्या दिवशीचा लावू?" लावला. शिकवणाऱ्या ज्या कोणी आहात, 'माझा लहानपणीचा फोटो' एवढंच लिहा ना. वर्गात अशी मुलं असतात, आणि तुम्हाला ती कोण हे माहीत नसतं.

माहितीसाठी आपल्या घारपुरे घाटावर आधाराश्रम आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, पुण्यात 'पूर्णांक' ही संस्था दत्तक पालकांसाठी काम करते. आणि द्वारकेला आमचं घर आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार वाजता आम्ही पाच-सहा घरं जमतो. त्या तिघांनी जोडीदाराला घेऊन यावं, सासूबाईंनाही आणलं तरी चालेल, त्यांच्याशी आमच्या सासूबाई बोलतील. दार मुलगी उघडेल. आधी ती तिची सायकल दाखवेल, मग चहा.