शाई कंपनीची की बाहेरची?

गटाने कर्ज काढून प्रिंटर घेतला, गावात प्रिंट आणि फोटो काढून द्यायचं काम सुरू झालं, आणि आता पहिली शाई संपत आली. तालुक्याच्या दुकानात गेलं की दुकानदार दोन बाटल्या पुढे ठेवतो. एक कंपनीची, दुसरी बाहेरची, निम्म्याहून कमी भावाची. घ्यायची कोणती?

आमच्या गटात यावरून दोन बैठका गाजल्या. कोषाध्यक्ष ताईंचं म्हणणं, काळं उमटलं म्हणजे झालं, पैसे कशाला घालवायचे? सचिव ताई म्हणत, प्रिंटरचा हप्ता अजून चालू आहे, त्याच्या पोटात भलतंसलतं ओतायचं नाही. शेवटी आम्ही वही काढली आणि एका पानाला किती पैसे पडतात ते मांडलं. तेव्हा कळलं की दोघींचंही बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या मशिनसाठी.

आधी टाकीचा प्रिंटर बघू. बाजूला चार रंगांच्या टाक्या असतात आणि बाटलीने शाई ओततात, तो. एप्सनच्या अशा बऱ्याच प्रिंटरना ००३ नंबरची शाई लागते. तिच्या काळ्या बाटलीत सुमारे ४५०० पानं निघतात, असं कंपनी सांगते. हा आकडा साध्या मजकुराच्या पानाचा आहे, काळ्याकुट्ट फोटोचा नाही. समजा, ती बाटली ३५० रुपयांना मिळाली. पानाला आठ पैसेसुद्धा पडत नाहीत. बाहेरची बाटली १२० ला मिळाली आणि तेवढीच पानं निघाली, तर पावणेतीन पैसे. म्हणजे पानामागे पाच पैसे वाचले. गिऱ्हाईक आपल्याला एका पानाचे पाच रुपये देतं! ४५०० पानं छापून हाती राहतात २३० रुपये, आणि तेवढ्यासाठी जोखीम कोणाची? हेडची. शाई कागदावर फवारणारा जो भाग असतो, तो हेड. त्याची छिद्रं केसापेक्षा बारीक असतात. शाईत गाळ असला किंवा ती लवकर सुकणारी असली, की छिद्रं तुंबतात आणि पानावर पांढऱ्या रेघा येतात. हेड बदलायचा खर्च हजारांत जातो. बाहेरच्या शाईने बिघाड झाला असं दिसलं तर कंपनी वॉरंटीत काम करून द्यायला नकार देऊ शकते. वॉरंटीचं कार्ड कपाटात ठेवण्याआधी एकदा वाचून घ्या.

म्हणून टाकीच्या प्रिंटरला आम्ही कंपनीचीच शाई घालतो. पासपोर्ट फोटोही त्यावरच निघतात, आणि हलक्या शाईचा फोटो उन्हात लवकर विटतो. विटलेला फोटो घेऊन गिऱ्हाईक परत येतं ते आपल्याच दारात.

आता लेझर प्रिंटर. यात पातळ शाई नसते, टोनर नावाची बारीक पूड असते. ती प्लास्टिकसारखी असते आणि गरम होऊन कागदाला चिकटते, म्हणून पावसाचे चार थेंब पडले तरी फुटत नाही. सातबारा, अर्ज, दाखल्यांच्या प्रती आम्ही यावरच काढतो. पण इथे हिशोब उलटा होतो. एचपीच्या जुन्या लेझर प्रिंटरमध्ये १२ए नावाचं कार्ट्रिज असतं, त्यात साधारण २००० पानं निघतात. नवं कोरं कंपनीचं घ्यायचं तर काही हजार मोजावे लागतात. पाच हजार धरले तर पानाला अडीच रुपये झाले. पाचातले निम्मे तिथेच गेले, मग वीज, कागद आणि हप्ता कशातून भरायचा? तेच कार्ट्रिज अडीचशे रुपयांत रिफिल करून मिळालं, तर पानाला साडेबारा पैसे. इथे कोषाध्यक्ष ताई जिंकल्या, आणि ते त्या अजून प्रत्येक बैठकीत ऐकवतात.

रिफिल करताना मात्र समोर उभं राहायचं. आत वापरून उरलेली पूड साठते, ती रिकामी करून मगच नवी भरायला लावायची, नाहीतर पानाच्या कडेला काळे डाग येतात. दोन-तीनदा भरल्यावर छपाई फिकी पडली किंवा सारखी रेघ यायला लागली, तर ड्रम बदलायला सांगा. पूड सांडली तर गरम पाणी लावू नका, ती वितळून चिकटते. कोरड्या फडक्याने पुसा, हात गार पाण्याने धुवा, आणि लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

आणखी एक. दुकानात ‘डुप्लिकेट’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी वापरतात. स्वतःच्या नावाने शाई बनवून विकणारा कारखाना असतो. त्याची शाई बरी असेल किंवा वाईट, पण ती फसवणूक नाही. दुसऱ्याच्या खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव छापून आत हलकी शाई भरणं ही मात्र फसवणूकच. तालुक्यातल्या एका दुकानात आम्हाला असं खोकं दाखवलं होतं. भाव फारच कमी, झाकणाचं सील सैल, आणि बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, “ताई, बिलावर महाग पडेल.” आम्ही ते तिथेच ठेवून निघालो. कंपनीची म्हणून शाई घेताना पक्कं बिल मागायचंच. बिल असेल आणि माल खोटा निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

ज्यांच्या टाकीत आधीच बाहेरची शाई आहे आणि छपाई ठीक येते आहे, त्यांनी घाबरून ती फेकून देऊ नये. फक्त त्यावर दुसरी शाई ओतू नका, दोन शाया एकमेकींत मिसळून गाळ धरू शकतात. बदलायचीच असेल तर टाकी माहितगाराकडून रिकामी करून घ्या. शाई खालच्या रेघेपर्यंत आली की लगेच भरा, नळीत हवा शिरू देऊ नका. आणि शेतीच्या हंगामात काम थंडावलं, तरी आठवड्याला एक रंगीत पान काढत जा. आमच्याकडे ते काम सोमवारी ज्यांची पाळी असते त्या ताईंचं असतं.