राष्ट्रांच्या क्षेमाची गुणपत्रिका

अमुक राष्ट्र पुढारलेलें आणि तमुक मागासलेलें, असें सहज बोलण्यांत येतें. परंतु हें पुढारलेपण मोजावयाचें कोणत्या मापानें, असा प्रश्न केला म्हणजे बोलणारा थबकतो. कापड गजानें मोजतां येतें, धान्य पायलीनें मोजतां येतें. लोकांचें क्षेम मोजण्यास कोणतें माप घ्यावें?

हा प्रश्न भारताला नवा नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित शिकविणारे दादाभाई नौरोजी यांनीं सरकारी अहवालांतील आंकड्यांवरूनच हिशेब मांडला कीं, १८६७-६८ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत दर माणशीं वार्षिक उत्पन्न अवघें २० रुपयांच्या आसपास होतें. तेवढ्यावर ते थांबले नाहींत. तुरुंगांतील कैद्यांच्या अन्नवस्त्रावर काय खर्च होतो, हेंही त्यांनीं सरकारी कागदांतून काढलें, आणि मोकळ्या रयतेच्या वांट्याला कैद्याइतकेंही येत नाहीं, हें दाखवून दिलें. आंकडा एकटा मुका असतो. दुसऱ्या आंकड्याशेजारीं ठेवला म्हणजे तो बोलूं लागतो.

पुढें राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचें शास्त्र वाढलें. परंतु त्याचे एक प्रमुख शिल्पकार सायमन कुझ्नेट्स यांनींच १९३४ सालीं अमेरिकेच्या सिनेटला सादर झालेल्या अहवालांत इशारा दिला कीं, या आंकड्यावरून राष्ट्राच्या क्षेमाचें अनुमान करणें कठीण आहे. पैसा हें साधन आहे. त्या साधनानें माणूस किती जगला आणि किती शिकला, हें उत्पन्नाच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकारानें, आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधारानें, संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमानें १९९० सालीं ‘मानव विकास निर्देशांक’ प्रसिद्ध केला. त्यांत तीन विषय आहेत: आयुष्य, शिक्षण व उत्पन्न. प्रत्येक विषयांत शून्यापासून एकापर्यंत गुण मिळतात.

भारताचे २०२३ सालचे आंकडे घेऊन ही रीत पाहूं. जन्मलेल्या मुलाचें अपेक्षित आयुष्य ७२ वर्षें. या विषयाची खालची मर्यादा २० वर्षें व वरची ८५. म्हणजे ६५ वर्षांच्या अंतरापैकीं ५२ वर्षें भारतानें काटलीं, गुण ०.८०. शिक्षणांत दोन आंकडे आहेत. आज शाळेंत जाणारें मूल एकंदर १३ वर्षें शिकेल अशी अपेक्षा आहे. परंतु पंचविशी उलटलेल्या प्रौढांचें प्रत्यक्ष शिक्षण सरासरी ६.९ वर्षें झालें आहे. पहिल्याला १८ वर्षांचें व दुसऱ्याला १५ वर्षांचें प्रमाण लावून सरासरी काढली कीं ०.५९ गुण होतात. उत्पन्नाचे गुण ०.६८. उत्पन्न मोजतांना निरनिराळ्या देशांतील महागाई-स्वस्ताई जमेस धरलेली असते; शिवाय तेथें लॉगरिथमचा उपयोग करतात. कारण गरिबाच्या हजारांत आणखी हजाराची भर पडली तर घर उभें राहतें. श्रीमंताच्या लाखांत तीच भर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

शेवटीं या तीन गुणांचा गुणाकार करून घनमूळ काढावयाचें. भारताचें उत्तर ०.६८५ येतें, आणि १९३ देशांत क्रमांक १३० वा लागतो. २०१० पूर्वीं तिन्ही गुणांची साधी सरासरी काढीत. ती रीत कां सोडली, हें कोणाही शिक्षकाला उमजेल. दोन विषयांत ०.९ व तिसऱ्यांत ०.३ मिळविणाऱ्याची साधी सरासरी ०.७ येते, घनमूळाच्या रीतीनें ती सुमारें ०.६२ वर उतरते. एका विषयांतील कच्चेपणा दुसऱ्या विषयाच्या पक्केपणाआड आतां पूर्वीइतका लपत नाहीं.

तथापि क्रमांकापेक्षां विषयवार गुण अधिक शिकवितात. शेजारच्या श्रीलंकेचा निर्देशांक ०.७७६ आहे. आजच्या मुलांची शाळेची अपेक्षा दोन्ही देशांत जवळजवळ सारखीच. परंतु प्रौढांचें प्रत्यक्ष शिक्षण श्रीलंकेंत दहा वर्षांहून अधिक आहे. याचा अर्थ इतकाच कीं, तेथील आजच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या बालपणींच शाळा मिळाली होती. आज बांधलेल्या शाळेचे गुण पदरांत पडावयास एक पिढी लोटावी लागते. आणि न बांधलेल्या शाळेचा दंडही पिढीभर भरावा लागतो.

आणखी एक दोष जाणून असावा. सरासरी ही झोपडी व हवेली एकाच मापांत ओतते. विषमतेची वजावट केली असतां भारताचा २०२३ चा निर्देशांक ०.४७५ वर येतो. जवळजवळ तिसरा हिस्सा गळून पडतो. शिवाय सर्व गणिताचा पाया शिरगणतीवर. भारताची २०२१ सालीं व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. तेव्हां पुढील कैक अनुमानांना २०११ च्या मोजणीचाच टेकू घ्यावा लागला. पाया जुना झाला कीं वरच्या दशांशस्थळांचा डौल व्यर्थ होय.

म्हणून वर्तमानपत्रांत राष्ट्रांची क्रमवारी आली म्हणजे वाचकानें तीन प्रश्न विचारावे: कोणत्या विषयांत गुण गेले? सरासरीखालीं कोण दडला आहे? आणि हा आंकडा कोणी, केव्हां मोजला? क्रमांक चढला म्हणून हुरळून जाणें किंवा उतरला म्हणून आंकड्यांवरच रागावणें, दोन्ही व्यर्थ. गुणपत्रिका भिंतीवर टांगण्यासाठीं नसते. कच्चा विषय ओळखून पुढील अभ्यासाला लागण्यासाठीं असते.