पहिली पाच किलोमीटरची धाव
(सिंदी मेघे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांचा ऊहापोह आपल्या संमेलनांत नेहमीच होतो. आज आम्ही पायांविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो. आपल्याच घरांतील मुलेमुली पोलीस भरतीसाठी पहाटे धावावयास निघतात, आणि त्याच घरांत चाळिशी ओलांडलेली माणसे मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या मोजीत बसतात. दोघांनाही आमचे सांगणे एकच आहे. पहिल्या शर्यतीसाठी पाच किलोमीटरचे अंतर निवडा आणि तिची तयारी सावकाश करा.

‘सावकाश’ हा शब्द तरुणांस रुचत नाही. भरतीची जाहिरात निघाली की पंधरा दिवसांत छाती फुटेस्तोवर धावण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरची धाव होती. त्या भरतीत काही उमेदवार कोसळले आणि प्राणांस मुकले. त्यांच्या घरच्यांचे दुःख आठवून आम्ही हे बोलत आहो. २०२४ च्या भरतीत हे अंतर पुरुषांस १६०० व स्त्रियांस ८०० मीटर होते. परंतु अंतर घटले की वेग वाढतो, आणि वेगाचा भार कच्च्या शरीरास सोसत नाही.

याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. नियमित धावू लागल्यावर हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सरावतात. हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून दम टिकू लागला तरी नडगी ठणकू लागते, आणि नवशिक्या उत्साहाच्या भरात दुखणे ओढवून घेतो. विश्रांतीचा दिवस हा आळसाचा दिवस नव्हे. शरीराची डागडुजी त्याच दिवशी होते.

जॉश क्लार्क नामक अमेरिकन गृहस्थाने १९९६ साली नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला, तो पन्नाशीतील आपली आई डोळ्यांपुढे ठेवून. आठवड्यातून तीनच दिवस धावावयाचे. आरंभी पाच मिनिटे झपाझप चालावे. मग एक मिनिट धावावे, दीड मिनिट चालावे, असे वीस मिनिटे करावे. पुढे धावणे वाढत जाते व चालणे घटत जाते, आणि अखेरीस माणूस अर्धा तास अखंड धावतो. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. धावताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग अधिक झाला असे समजावे.

हा क्रम आपल्या हवामानास जुळवून घ्यावा लागेल. नवतप्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत नवशिक्याने धावू नये. पावसाळ्यात कपाशीची काळी माती पायताणास चिकटते आणि पाय घसरतो. म्हणून दसऱ्यास सीमोल्लंघन करून आरंभ करावा. मार्गशीर्षाच्या थंडीत नऊ आठवडे पुरे होतात. धावण्यापूर्वी व नंतर पाणी प्यावे. बुटात अंगठ्यापुढे थोडी मोकळी जागा असावी. मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तत्काळ थांबावे व डॉक्टर गाठावा.

कोणी म्हणेल, धावणे हे शहरी लोकांचे खूळ आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी काही किलोमीटरची पायपीट करीत. पुढे सैन्यात गेल्यावर ते स्पर्धेत उतरले आणि २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकात ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचले. सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. ही सारी माणसे तुमच्या-आमच्यासारख्या घरांतलीच आहेत. आणि गांधीजी १९३६ साली येथून जवळच्या सेगावात राहावयास आले, तेव्हाही सकाळ-संध्याकाळ फिरण्याचा त्यांचा नेम सुटला नाही. धावण्याचा पहिला धडा चालणे हाच होय.

आता घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. मुलगा पहाटे धावला तर आपण कौतुक करतो. सून धावावयास निघाली तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न उभा राहतो. तिला नऊ आठवडे हवे आहेत, आठवड्यातून तीन सकाळी, प्रत्येकी अर्धा तास. तेवढा वेळ चहाचे आधण दुसऱ्या कोणी ठेवले तर घराची घडी विस्कटत नाही. एकटीने जाण्याचा संकोच वाटत असेल तर चार घरच्या लेकीसुनांनी मिळून निघावे. सासूबाईंनी सोबत चालत जावे.

पुढील संमेलनाच्या सकाळी मंडळाने पाच किलोमीटरची धाव ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तीत चालणाऱ्यासही मज्जाव नसावा, आणि सर्वांत शेवटी येणारी व्यक्ती पोहोचेपर्यंत कोणी मैदान सोडू नये. पहिल्या क्रमांकास टाळ्या मिळतातच. शेवटच्यासाठी थांबणारा समाज आपला असावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.