डबी बोलते तेव्हा आपण तिथे नसतो

(पेण व रोहा तालुक्यांतील बचत गटांच्या रोहा येथील मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेले भाषण)



मला सुगंधी मेणाच्या पॅकिंगवर बोलायला सांगितलंय. ज्यांनी हे मेण पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मेणबत्तीचंच मेण, पण यात वात नसते. साच्यात छोटे छोटे नग पाडायचे. एक नग विजेच्या कापूरदाणीच्या वाटीत ठेवायचा. तो हळूहळू वितळतो आणि घरात मोगरा, चंदन, सोनचाफा दरवळतो. बाजारात याला वॅक्स मेल्ट म्हणतात. आमच्या गटात आम्ही सात जणी हे काम करतो.

पॅकिंग आपल्याला नवीन नाही. पेणचे पापड-पोहे कुठे कुठे जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या गणपतीच्या मूर्ती तर समुद्रापार जातात, आणि सोंडेला धक्का लागत नाही. म्हणून आम्हाला वाटलं, मेण काय, सहज भरू. तिथेच चुकलो.

सुरुवातीला आम्ही मोदकाचे साचे आणले. पांढरे शुभ्र मोदक झाले. मिठाईचा खोका घेतला, सहा मोदक मांडले, वर लिहिलं, ‘सुगंधी मोदक – चंदन’. दिवाळीच्या स्टॉलवर हातोहात खपले. आम्ही खूश!

चौथ्या दिवशी फोन आला. एका आजींनी खोका नेऊन फराळाच्या डब्यांशेजारी ठेवला होता. चार वर्षांच्या नातवाने एक मोदक उचलला आणि चावला. त्याने लगेच थुंकला, घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलं, देवाच्या कृपेने काही झालं नाही. पण त्या मुलाची आई मला एवढंच म्हणाली, “ताई, हे खायचं नाही असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा.”

मी खोका हातात घेऊन बसले. कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्टॉलवर आम्ही प्रत्येकीला तोंडाने सांगत होतो, “हे खायचं नाही हं.” पण खोका घरी गेला, तेव्हा सांगायला आम्ही तिथे नव्हतो. ताईंनो, आज मला हीच एक गोष्ट सांगायची आहे. आपण नसतो तेव्हा आपली डबी बोलते. तिने खरं आणि पुरेसं बोललं पाहिजे.

गटात मोठा वाद झाला. मोदकच सगळ्यात जास्त खपत होते, साच्यांत पैसे अडकले होते. काही जणी म्हणाल्या, “मोठ्या अक्षरात लिहू, पण मोदक ठेवू.” मी विचारलं, “चार वर्षांच्या पोराला वाचता येतं का?” शेवटी साचे बाजूला ठेवले. आता आम्ही शिंपला आणि पानाच्या आकाराचे नग करतो. करंजी, लाडू, बर्फी असं खाण्यासारखं काही करत नाही. नावसुद्धा बदललं. आधी आम्ही बोलताना ‘सुगंधी वड्या’ म्हणायचो. वडी म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं! आता ‘सुगंधी मेण’, एवढंच. विक्री काही महिने कमी झाली, हे लपवत नाही. पण रात्री झोप लागते.

आता लेबलवर काय हवं ते लिहून घ्या.

१. वस्तूचं नाव: सुगंधी मेण.
२. गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता.
३. निव्वळ वजन ग्रॅममध्ये, आणि नग किती. निव्वळ म्हणजे खोका आणि कागद सोडून. वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का असू द्या.
४. बनवल्याचा महिना व वर्ष.
५. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित.
६. तक्रारीसाठी फोन आणि ई-मेल. फोन चालू हवा! त्या आईला आमचा नंबर मिळाला म्हणून आम्हाला चूक कळली.

बंद पाकिटातल्या वस्तूंचे हे नियम २०११ सालचे आहेत. त्यांत एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. ही माहिती देवनागरीत हिंदीतून किंवा इंग्रजीतून असावी लागते. सोबत मराठी लिहायला मुभा आहे, पण फक्त मराठी चालत नाही. शिवाय स्वतः पॅकिंग करून विकणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन खात्याकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो. अडलं तर पंचायत समितीतल्या ‘उमेद’च्या तालुका कक्षात विचारा.

याखाली ठळक अक्षरात आमच्या सूचना असतात: ‘खाण्यासाठी नाही. लहान मुलांपासून दूर ठेवा. मेण थेट पेटवू नका. वितळलेल्या मेणात पाणी घालू नका. झोपण्यापूर्वी कापूरदाणी बंद करा.’ शेजारी घास घेणाऱ्या तोंडाचं चित्र आणि त्यावर फुली. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळतं.

सुगंध विकतच्या अर्काचा असेल तर ‘शुद्ध नैसर्गिक मोगरा’ लिहू नका. ‘मोगऱ्याचा सुगंध’ लिहा. तेवढं पुरतं.

आता खोक्याकडे वळू. पापडाचा शत्रू दमट हवा, मेणाचा शत्रू ऊन. सोयाचं मेण साधारण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, काही प्रकार त्याहूनही लवकर. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या टेम्पोत तेवढी गरमी सहज होते. म्हणून माल सकाळी लवकर पाठवा, टपावर किंवा इंजिनाशेजारी ठेवू नका. नग रात्रभर थंड होऊ द्या, मगच भरा. आत बटर पेपर घाला, कारण मेणातून तेल पाझरतं आणि साधा कागद डागाळतो. लेबलची शाई ओल्या बोटाने पुसून बघा. पसरली तर पावसाळ्यात पत्ता वाचता येणार नाही. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या पातळ प्लास्टिकला १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आपल्या खोक्यालाही ते नको. कागदी पट्टी चिकटवा.

नवीन खोका ठरवला की आमची एक परीक्षा असते. भरलेला खोका पिशवीत घालून एसटीने पेणहून रोह्याला आणि परत. घरी येऊन उघडायचा. नग फुटले, घासले, चिकटले तर खोका नापास.

आणखी एक. सुगंधी मेण पापड-पोह्यांच्या खोलीत ठेवू नका. एकदा आमच्या पोह्यांना मोगऱ्याचा वास लागला. ते पोहे आम्हीच आठवडाभर खाल्ले!

शेवटी हिशेब. समजा मेण आणि सुगंधाला ४० रुपये, मजुरी २०, वीज आणि प्रवास ७. झाले ६७. तुम्ही ८० ला विकलं आणि तेरा रुपये सुटले असं वाटलं. पण खोका, कागद, लेबल यांचे १८ धरलेच नाहीत. म्हणजे खर्च ८५ झाला आणि प्रत्येक खोक्यामागे पाच रुपये घरचे गेले. पॅकिंगचा खर्च आधी धरा, किंमत मग ठरवा.

त्या आजी पुढच्या दिवाळीला स्टॉलवर आल्या. मी ओळखलं, मान खाली गेली. त्यांनी नवा खोका उचलला, चष्मा लावून सगळं वाचलं, चित्रावर बोट ठेवलं आणि दोन खोके घेतले. काही बोलल्या नाहीत.

घरी गेल्यावर तुमच्या गटाची एक डबी हातात घ्या. आपण बनवलेली आहे हे विसरा, आणि ती काय सांगते ते वाचा. जे राहिलं असेल ते येत्या बैठकीच्या विषयांत घ्या.